मांजराच्या ताटातलं पाणी

आमच्या बोक्यासाठी घरात तीन वाट्या भरून ठेवलेल्या असायच्या आणि हा प्यायचा बाथरूममधल्या बादलीतलं. तेही कधीमधी. एका रात्री तो सारखा लिटर ट्रेमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये, जाऊन बसायला लागला. कुंथायचा, आणि वाळू कोरडीच. मूत्रमार्गात खडे अडकले होते. बोक्याचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद, तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आमचा वाचला. तेव्हापासून त्याच्या पाण्याचा हिशोब मी ठेवते.

पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. तिथे पाणवठे कमी, उंदीर भरपूर. उंदराच्या अंगात जवळपास ७० टक्के पाणीच असतं, त्यामुळे पोट भरलं की तहानही बरीचशी भागायची. शिवाय मूत्रपिंडं काटकसरी: लघवी घट्ट करून पाणी अंगातच राखायचं. ही सवय आजच्या सोफ्यावरच्या मांजरातही तशीच आहे.

त्यात पिण्याची तऱ्हाही नाजूक. रोमन स्टॉकर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वेगवान कॅमेऱ्याने ती दाखवून दिली. मांजर जिभेने पाणी उपसत नाही. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकतं आणि झटक्यात वर जातं. त्याच्यामागे पाण्याची बारीक धार उभी राहते, ती खाली कोसळायच्या आत मांजर तोंड मिटतं. सेकंदाला साधारण चार वेळा, आणि दर खेपेला जेमतेम ०.१ मिली!

आता गणित बघा. ४ किलोच्या मांजराला दिवसाला अंदाजे २०० मिली पाणी लागतं. मांजराच्या तयार खाण्याच्या ६० ग्रॅम कोरड्या दाण्यांतून मिळतं फार तर ६ मिली. बाकीचं वाटीतून भरायचं तर जीभ दीड-दोन हजार वेळा हलवायला हवी. दाणे खाणारं मांजर पाणी जास्त पितं हे खरं, पण सगळी तूट भरून काढत नाही. ओल्या खाण्यात मात्र ७५ ते ८० टक्के पाणी असतं. म्हणून माझं ठाम मत आहे, पाणी ताटातूनच द्यावं.

आम्ही चिकन उकडलेलं पाणी त्याच्या दाण्यांवर ओततो. मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते मांजराला विषारी असतात. पहिल्या दिवशी एक चमचा, मग हळूहळू वाढवत. एकदम बदल केला तर मांजर उपाशी बसतं, आणि दोन-तीन दिवसांचा उपास त्याच्या यकृताला झेपत नाही. भिजवलेलं खाणं उन्हाळ्यात तासाभरात उचलून टाका. दूध नको. मांजर डोळे मिटून दूध पितं खरं, पण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं पाणी उलट कमीच होतं.

वाट्या पसरट असाव्यात, रोज घासाव्यात आणि लिटर ट्रेपासून लांब ठेवाव्यात. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, काही ढुंकूनही बघत नाहीत.

ट्रे साफ करताना लघवीने वाळूचे झालेले गोळे मोजायची सवय लावून घ्या. गोळे आकाराने वाढले, संख्येने वाढले की पाणी पोचतंय. फक्त म्हातारं मांजर काहीही न बदलता आपणहून भसाभसा पाणी प्यायला लागलं, तर खूश होऊ नका. मूत्रपिंडं थकल्याची किंवा मधुमेहाची ती खूण असू शकते. त्याच आठवड्यात रक्त आणि लघवी तपासून घ्या.