टीव्ही स्टुडिओचा इंटरकॉम : खरेदीपूर्वी काय ठरवावे

हे माहितीपत्रक पुण्यात आणि आसपास नवा स्टुडिओ उभारणाऱ्या किंवा जुन्याची फेररचना करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आहे. वृत्तवाहिनीचा विभागीय स्टुडिओ असो, महाविद्यालयाचा व्याख्यान-स्टुडिओ असो किंवा सदनिकेचे रूपांतर करून थाटलेली छोटी जागा असो, इंटरकॉमची, म्हणजे काम करणाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्याच्या यंत्रणेची, चौकशी बहुतेक वेळा 'आठ हेडसेटचा सेट केवढ्याला पडेल' या प्रश्नाने सुरू होते. आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर लगेच देत नाही, कारण हेडसेट किती लागतील ही बाब शेवटी ठरते. कोणाला कोणाशी, कधी आणि किती वेळ बोलायचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

आधी तक्ता

एका मोठ्या कागदावर डावीकडे बोलणाऱ्यांची आणि वरच्या ओळीत ऐकणाऱ्यांची यादी लिहावी, आणि प्रत्येक चौकटीत 'सतत', 'बटण दाबल्यावर' किंवा 'नाही' यांपैकी एकच उत्तर भरावे. चार कॅमेऱ्यांच्या साध्या स्टुडिओत दिग्दर्शक, व्हिजन मिक्सर (कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र जाईल ते बदलणारा), चार कॅमेरामन, फ्लोअर मॅनेजर, साउंड, लाइट, सीसीयू (कॅमेरा कंट्रोल युनिट), ग्राफिक्स, प्लेबॅक, टेलिप्रॉम्प्टर आणि निवेदक अशी १४ माणसे सहज होतात, म्हणजे स्वतःची स्वतःशी चौकट सोडून १८२ चौकटी भराव्या लागतात. त्यांतल्या बहुसंख्य चौकटींत 'नाही' येते, आणि येऊ द्यावे. सर्वांना सर्व ऐकू आले पाहिजे हा आग्रह आम्हाला वारंवार आढळतो. प्रत्यक्षात त्यामुळे दिग्दर्शकाचा 'कॅमेरा दोन, तयार' हा आदेश लाइटवाल्यांच्या बोलण्यात बुडून जातो.

दिग्दर्शकाचा आवाज कॅमेरामन, फ्लोअर मॅनेजर, ग्राफिक्स आणि प्लेबॅक यांच्याकडे सतत जावा. सीसीयूवर बसलेल्या अभियंत्याला कॅमेरामनशी आयरिस किंवा फोकसबद्दल बोलावे लागते, पण ते बोलणे दिग्दर्शकाच्या ओळीवर, म्हणजे बोलण्याच्या सामाईक मार्गावर, येऊ नये. स्टुडिओ कॅमेऱ्यांच्या बऱ्याच प्रणालींत 'प्रॉडक्शन' आणि 'इंजिनिअरिंग' असे दोन स्वतंत्र इंटरकॉम मार्ग याच कारणासाठी दिलेले असतात. ते दोन्ही जोडून घ्यावेत, एक रिकामा सोडू नये. लाइट आणि साउंड यांना आपापली ओळ द्यावी. मेकअप रूम आणि पाहुण्यांची खोली तक्त्यात घालायची राहून जाते आणि मग पाहुण्याला बोलावण्यासाठी कोणाला तरी जिना उतरावा लागतो.

पार्टी लाइन की मॅट्रिक्स

पार्टी लाइनमध्ये एका ओळीवरचे सर्वजण एकमेकांचे सर्व काही ऐकतात. तीन पिनांच्या साध्या माइक केबलमधूनच वीज आणि आवाज दोन्ही जातात, त्यामुळे खर्च कमी येतो आणि दुरुस्ती सोपी राहते. तीन-चार कॅमेऱ्यांच्या, दोनच ओळींत काम भागणाऱ्या स्टुडिओला आम्ही हीच पद्धत सुचवतो.

इथे दोन गोष्टी जवळून पाहाव्यात. पार्टी लाइनच्या दोन प्रचलित पद्धती क्लिअर-कॉम आणि आरटीएस या उत्पादकांच्या नावाने ओळखल्या जातात. क्लिअर-कॉम पद्धतीच्या एका चॅनेलच्या जोडणीत पिन १ अर्थ, पिन २ वीज आणि पिन ३ आवाज असतो. आरटीएसच्या दोन चॅनेलच्या पद्धतीत मात्र पिन २ वर वीज आणि पहिल्या चॅनेलचा आवाज एकत्र, तर पिन ३ वर दुसऱ्या चॅनेलचा आवाज असतो. कनेक्टर दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून सेकंडहँड बेल्टपॅक (हेडसेट जोडायची, कमरेला लावायची पेटी) स्वस्त मिळाले तरी ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे तपासल्याशिवाय घेऊ नयेत. दुसरी गोष्ट टर्मिनेशनची, म्हणजे ओळीवर जोडायच्या ठरावीक रोधाची. प्रत्येक ओळीला २०० ओहमचे टर्मिनेशन एकदाच, शक्यतो पॉवर सप्लायपाशी, असावे. ते नसेल तर हेडसेटमध्ये शिट्टी वाजू लागते. दोन ठिकाणी लागले तर सर्वांचाच आवाज खाली जातो आणि दोष विनाकारण हेडसेटला दिला जातो.

मॅट्रिक्समध्ये प्रत्येक पॅनेलचा जाणारा आणि येणारा आवाज स्वतंत्र जोड्यांवरून चालतो आणि कोणते बटण कोणाला जोडायचे हे सॉफ्टवेअरमधून ठरते. तक्त्यात 'बटण दाबल्यावर' हे उत्तर जास्त आले असेल, एकाहून अधिक नियंत्रण कक्ष असतील किंवा बाहेरच्या वार्ताहरांना रोज जोडायचे असेल, तर मॅट्रिक्सला पर्याय नाही. दोन्ही पद्धती एकत्र वापरायच्या असल्यास मध्ये हायब्रिड (दोन्हींना जोडणारे उपकरण) लागतो आणि त्याचे नलिंग, म्हणजे पाठवलेला आवाज परत येऊ नये अशी जुळणी, प्रत्यक्ष जोडलेल्या केबलवरच करावे लागते. केबलची लांबी बदलली, किंवा ओळीवर बेल्टपॅक वाढले, की ते पुन्हा तपासावे.

निवेदकाच्या कानात काय जाते

नियोजनातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे, आणि यावर वेळ खर्च करण्याची आमची ग्राहकांना कळकळीची विनंती आहे. निवेदकाच्या कानात कार्यक्रमाचा आवाज चालू असतो आणि निर्माता बोलू लागला की तो आवाज दबतो किंवा थांबतो. या मार्गाला आयएफबी (इंटरप्टिबल फोल्डबॅक) म्हणतात. निवेदकाच्या कानापर्यंत पोहोचण्याचा अधिकार एका, फार तर दोन माणसांनाच द्यावा. थेट प्रसारणात वाक्य बोलत असताना कानात तिघांच्या सूचना येऊ लागल्या, तर अनुभवी निवेदकही अडखळतो.

बाहेरच्या वार्ताहरासाठी आणखी काळजी हवी. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी अलका चौकात उभ्या असलेल्या वार्ताहराचा आवाज मोबाइल नेटवर्कवरून स्टुडिओत येतो, मिश्रणात मिसळतो आणि पुन्हा त्याच्या कानात जातो. या प्रवासात एक-दोन सेकंदांचा विलंब सहज होतो. उपग्रहाचा मार्ग असला तरी भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने सिग्नलला वर जाऊन खाली येण्यासच साधारण पाव सेकंद लागतो. आपलाच आवाज असा उशिरा कानात आला की माणसाला पुढचा शब्द सुचत नाही. म्हणून वार्ताहराला पूर्ण मिश्रणातून त्याचा स्वतःचा आवाज वजा करून पाठवावा लागतो, ज्याला मिक्स-मायनस म्हणतात, आणि दोन वार्ताहर असतील तर अशी दोन वेगळी मिश्रणे लागतात. ऑडिओ मिक्सरवर तेवढे मोकळे ऑक्स आउटपुट (वेगळे मिश्रण बाहेर पाठवायचे मार्ग) आहेत का, हे इंटरकॉम घेण्यापूर्वी मोजावे. ढोल-ताशांच्या गजरात उघडा इअरपीस निरुपयोगी ठरतो. वार्ताहराला कानात घट्ट बसणारा इअरपीस आणि सोबतच्या कॅमेरामनला दोन्ही कान झाकणारा हेडसेट द्यावा. स्टुडिओच्या आत मात्र कॅमेरामनला एका कानाचा हेडसेट बरा, कारण दुसऱ्या कानाने त्याला फ्लोअरवरचे ऐकू यावे लागते.

वायरिंग, वीज आणि वायरलेस

हेडसेटमधली गुणगुण बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची असते आणि तिचे मूळ दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरकात सापडते. नियंत्रण कक्ष एका मजल्यावर आणि फ्लोअर दुसऱ्या मजल्यावर असेल, तर आवाजाच्या मार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावेत, अर्थची तार कापून काम भागवू नये. इंटरकॉमच्या केबल डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) केबलपासून दूर, वेगळ्या ट्रेमधून न्याव्यात. इंटरकॉमचा पॉवर सप्लाय स्विचरच्याच (कॅमेऱ्यांची चित्रे बदलणाऱ्या यंत्राच्याच) यूपीएसवर असावा. वीज गेल्यावर चित्र चालू आणि संपर्क बंद ही अवस्था फार वाईट.

वायरलेस बेल्टपॅक फ्लोअर मॅनेजरला सोयीचे असतात, पण २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी यंत्रणा वायफायच्याच पट्ट्यात असते आणि रेकॉर्डिंगला प्रेक्षक आले की त्यांच्या खिशातले मोबाइलही तिथेच येतात. म्हणून चाचणी रिकाम्या स्टुडिओत घेऊन समाधान मानू नये. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता आहे याचा कागद विक्रेत्याकडून मागून घ्यावा, आणि वायरलेस घेतला तरी फ्लोअरवर तारेचे एक पॉइंट राखून ठेवावे.

संगणकाच्या नेटवर्कवरून आवाज नेणाऱ्या, दान्ते किंवा एईएस६७ पद्धतीच्या यंत्रणा उत्तम आहेत. मात्र तांब्याच्या केबलची १०० मीटरची मर्यादा, स्विचमधील प्राधान्यक्रम आणि घड्याळाचे समक्रमण सांभाळणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर आम्ही त्या सुचवत नाही.

पहिल्या भेटीला येताना

तक्ता, जागेचा मोजमापांसह नकाशा, कॅमेरे, सीसीयू आणि ऑडिओ मिक्सर यांची मॉडेल नावे आणि सध्याच्या हेडसेटमध्ये माइक डायनॅमिक प्रकारचा आहे की इलेक्ट्रेट (ज्याला वीज लागते) याची माहिती आणावी. पोर्टची (जोडणीच्या जागांची) संख्या ठरवताना आजच्या गरजेवर किमान पाव भाग जास्त धरावा आणि हेडसेट दोन तरी शिल्लक घ्यावेत, कारण सर्वांत आधी तुटते ती प्लगजवळची वायर. काम सोपवण्यापूर्वी आम्ही तक्त्यातली प्रत्येक 'सतत' आणि 'बटण दाबल्यावर' ही चौकट तुमच्या माणसांना त्यांच्या जागी उभे करून तपासतो, आणि 'नाही' लिहिलेल्या चौकटीत खरोखर काही ऐकू येत नाही ना, हेही पाहतो. त्या दिवशी संपूर्ण टीम हजर राहील अशी तारीख कृपया आधीच ठरवून कळवावी.