सोड्याशिवाय फुगणारा सफरचंद पॅनकेक

ओव्हनमधून काढताना हा पॅनकेक तव्याच्या काठावर चढून बसलेला असतो आणि ताटात पडेपर्यंत मधोमध खाली बसतो. यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, यीस्टही नाही. अंडी, दूध, मैदा, लोणी आणि सफरचंदाच्या फोडी, बस्स.

बेकिंग पावडर आली १८४३ साली, इंग्लंडमध्ये. त्याआधीच तिथल्या स्वयंपाकघरांत फुगवण्याची दुसरी युक्ती मुरलेली होती. शेकोटीवर मांस भाजताना गळणारी कडकडीत चरबी खालच्या भांड्यात धरायची आणि त्यातच सरसरीत पीठ ओतायचं. १७३७ च्या एका पाकपुस्तकात ही कृती आहे. १७४७ मध्ये पाकपुस्तकाच्या लेखिका हॅना ग्लास यांनी तिला ‘यॉर्कशायर पुडिंग’ म्हटलं. जर्मन घरांत असंच पीठ सफरचंदावर ओतून तव्यावर भाजत, पण ते चपटंच राही.

फुगण्यामागचं कारण साधं आहे. बिडाचा तवा सुमारे २२० अंशांवर तापलेला, लोणी फेसाळलेलं. पीठ पडताच कडेच्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपटींहून जास्त जागा मागते. अंड्यातली प्रथिनं तेवढ्यात घट्ट होऊन ती वाफ कोंडून धरतात. म्हणून तवा कोमट असेल तर सगळं फसतं. माझ्या मते या पदार्थाचा खरा जीव तापलेल्या तव्यातच आहे.

अमेरिकेत जर्मनभाषक १६८३ पासून फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये वसू लागले आणि पॅनकेकची आवड त्यांच्यासोबत गेली. ओव्हनमध्ये फुगवलेला प्रकार मात्र गाजला तो पार पश्चिम किनाऱ्यावर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिअ‍ॅटलच्या ‘मॅन्काज’ या उपाहारगृहाने तो ‘डच बेबी’ नावाने लोकप्रिय केला. मग १९५३ मध्ये पोर्टलँडला ‘ओरिजिनल पॅनकेक हाउस’ सुरू झालं. तिथला सफरचंदाचा पॅनकेक, लोण्यात परतलेल्या फोडी आणि दालचिनी-साखरेच्या चकचकीत पाकासकट, त्या घराची ओळखच बनला. नाश्त्याला खा नाहीतर जेवणानंतर गोड म्हणून, दोन्ही वेळा शोभतो.

सफरचंद आंबटच घ्यावं. ग्रॅनी स्मिथ ही जात मारिया अ‍ॅन स्मिथ यांच्या सिडनीजवळच्या मळ्यात १८६८ च्या सुमारास आपोआप उगवलेल्या रोपातून आली. तिच्या फोडी परतल्या तरी आकार सोडत नाहीत आणि पाकाचा गोडवा अंगावर येत नाही.