साउथ नॉट्स हुसार्स: कढईत सापडलेल्या तोफा

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातली ही स्वयंसेवक पलटण १७९४ मध्ये घोडदळ म्हणून उभी राहिली. तिच्याकडे तोफा आल्या त्या ज्येष्ठतेच्या यादीमुळे. पहिल्या महायुद्धानंतर स्वयंसेवक घोडदळातल्या पहिल्या १४ पलटणींनाच घोडे ठेवू दिले गेले आणि साउथ नॉट्सचा क्रमांक होता १५ वा. त्याच परगण्यातली दुसरी पलटण यादीत चौथी, म्हणून तिचे घोडे वाचले. साउथ नॉट्सला १९२२ मध्ये तोफा मिळाल्या आणि तुकडीचा क्रमांक म्हणून १०७ हा आकडा मिळाला. हुसार्स हे घोडेस्वारांचे नाव तिने सोडले नाही. १९३८ पर्यंत ब्रिटिश तोफखान्यात ‘ब्रिगेड’ म्हणजे लेफ्टनंट कर्नलच्या हाताखालचे युनिट, नंतर ज्याला ‘रेजिमेंट’ म्हणू लागले तेच. त्यामुळे जुन्या कागदांतली १०७ ब्रिगेड आणि पुढची १०७ रॉयल हॉर्स आर्टिलरी या दोन वेगळ्या तुकड्या समजू नयेत. ‘हॉर्स’ हा शब्दही तोवर मानापुरताच उरला होता.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात या रेजिमेंटचे हत्यार होते २५ पाउंडर तोफ. तोंडाचा व्यास ८७.६ मिमी, गोळा साधारण ११.३ किलोचा, पल्ला १३,४०० यार्ड, म्हणजे सव्वाबारा किलोमीटर. (भारतीय तोफखान्यात हीच तोफ १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही होती, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या गोलंदाजांना ती हाताखालची.) तोफेखाली लोखंडी गोल चक्र असते. चाके त्यावर चढवली की शेपूट उचलून तोफ कुठल्याही दिशेला झटकन फिरते. एका तोफेवर सहा माणसे: पहिला हुकूम देणारा, दुसरा तोफेचे मागचे झाकण उघडणारा व गोळा ठासणारा, तिसरा नेम धरणारा, चौथा भरणारा, उरलेले दोघे दारूगोळ्यावर. गोळा आणि पितळी काडतूस वेगवेगळे भरायचे. गोळा नीट ठासला गेला नाही तर तो जागेवर घट्ट बसत नाही आणि मारा आखूड पडतो.

ही तोफ मुळात न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करण्यासाठी आहे. पुढे निरीक्षण चौकी, मागे तोफा, मध्ये टेलिफोनची तार किंवा वायरलेस. पण ब्रिटिशांची ४० मिमीची २ पाउंडर रणगाडाविरोधी तोफ कमी पडू लागली आणि तिची जागा घेणारी ६ पाउंडर मे १९४२ पर्यंत पुरेशी पोचली नव्हती. मग २० पौंडांचा भरीव गोळा देऊन २५ पाउंडरलाच रणगाड्यांपुढे उभे केले गेले. लिबियातल्या टोब्रुक बंदराच्या वेढ्यात १४ एप्रिल १९४१ ला हे जमलेही. आत घुसलेले जर्मन रणगाडे थेट माऱ्याने परतले. मात्र तिथे पायदळ आपल्या खंदकांत टिकून राहिले, रणगाड्यांमागून येणारे जर्मन पायदळ त्याने अडवले, पुढे सुरुंग आणि तारेचे कुंपण होते. तोफा एकट्या नव्हत्या. ही गोष्ट वर्षभराने विसरली गेली.

६ जून १९४२ ला रेजिमेंट संपली ती जागा इतिहासात ‘कॉल्ड्रन’ म्हणून ओळखली जाते, म्हणजे कढई. नाइट्सब्रिज या वाटांच्या फाट्याच्या पश्चिमेची ही खोलगट जमीन. ५ जूनच्या पहाटे ब्रिटिश हल्ला झाला तेव्हा आधीचा तोफमारा शत्रूच्या खऱ्या फळीअलीकडेच, मोकळ्या जमिनीवर पडला. उत्तरेच्या धारेवर पायदळाला साथ देणाऱ्या ७० रणगाड्यांपैकी ५० गेले. हुकमत दोन डिव्हिजनांत वाटलेली होती आणि पायदळाला सांभाळणे ही जबाबदारी आपली नाही, असे रणगाड्यांच्या ब्रिगेडने (इथे ब्रिगेड म्हणजे अनेक रेजिमेंटांची मोठी तुकडी) धरले होते. दुपारी जर्मन दोन्ही बाजूंनी वळले. रात्री रणगाडे मागे गेले. कढईत उरले भारतीय ब्रिगेडचे गुरखा व बलुच जवान, थोडे इतर पायदळ आणि चार तोफखाना रेजिमेंटा.

वाद इथे आहे. रेजिमेंटला हुकूम होता जागा न सोडण्याचा, शेवटच्या गोळ्यापर्यंत लढण्याचा. समर्थक म्हणतात, तोफा हलल्या असत्या तर पायदळ उघडे पडले असते आणि बाकीच्या सैन्याला वेळ मिळाला नसता. पण ५ जूनची रात्र हाताशी होती. अंधारात ओढगाडी तोफेपर्यंत आणणे, चक्रावरून तोफ उतरवणे, दारूगोळ्याची पेटी जोडणे हे सरावलेल्या माणसांना काही मिनिटांचे काम. उजाडल्यावर तीच गाडी पेटते, आणि ती पेटली की तोफ तिथेच अडकते. जमीनही दगा देणारी: वाळूच्या पातळ थराखाली चुनखडीचा खडक, त्यामुळे तोफेसाठी खड्डा खोदता येत नाही. समोरच्या ढालीमागे माणसे वाकलेली, बाजू उघड्या. प्रत्येक बारासरशी तोंडापुढे धूळ उठते आणि जागा उघड होते. जर्मन रणगाडे जवळ यायची घाई करत नव्हते. २५ पाउंडरचा भरीव गोळा सहा-आठशे यार्डांच्या आत भरवशाचा, तर ते त्याच्या बाहेर थांबून स्फोटक गोळ्यांनी आणि मशीनगनने गोलंदाज टिपत.

म्हणून हा हुकूम चुकलाच होता, असे पुराव्यावरून म्हणावे लागते. गोलंदाजांच्या चिकाटीत कसूर नव्हती. रेजिमेंटचा प्रमुख ६ जूनलाच मारला गेला आणि तोफा एकेक करून गप्प झाल्या. जर्मनांनी त्या लढाईत ३,१०० कैदी आणि ९६ तोफा घेतल्याचा दावा केला. ९६ म्हणजे २४ तोफांच्या बरोबर चार रेजिमेंटा.

वाचलेल्यांची एक बॅटरी (रेजिमेंटहून लहान तुकडी) बनवून ती मध्यम तोफखान्याच्या ७ व्या रेजिमेंटला जोडली गेली. १९४४ मध्ये १०७ हा आकडा पुन्हा एका पूर्ण मध्यम रेजिमेंटला मिळाला. तिच्याकडे १६ तोफा होत्या, ५.५ इंची, आणि त्या वर्षी ती नॉर्मंडीत उतरली. १९४७ मध्ये आकडा ३०७ झाला. पुढे ३०७ ही राखीव तोफखान्यातली एक बॅटरी झाली. तिच्या नावातही साउथ नॉट्स हुसार्स राहिले.