गर्भाशयमुखाची तपासणी : बायका खिडकीवरूनच परत का येतात?

तपासणीला लागतात दोन-तीन मिनिटं. त्यासाठी पेठ-सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून नाशिकला आलेली बाई दुपारी तपासणी न होताच परत जाते, असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता सोबत जाताना तिच्याकडून उत्तरं पाठ करून घेते.

पात्रतेत अवघड काही नाही. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बाईची दर ५ वर्षांनी तपासणी होते. तक्रार असायलाच हवी असं नाही, खरं तर ही तपासणी तक्रार नसतानाच करायची. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर त्यातून कर्करोग व्हायला बरीच वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात बदल सापडला तर तो तिथेच थांबवता येतो. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर तिशीची वाट बघू नका, डॉक्टरांना तसं सांगा. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर परत लाल जाणं, वास येणारं पांढरं जाणं, यातलं काही असेल तर शिबिराच्या रांगेत उभं राहू नका. सरळ स्त्रीरोग ओपीडी गाठा, वय काहीही असो.

गावात आशाताईला तपासणीचा वार विचारा. शहरात जिल्हा रुग्णालय किंवा महापालिकेचं बिटको, झाकीर हुसेन यांसारखं मोठं रुग्णालय. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. महापालिकेचे दवाखाने त्या निर्णयात येत नाहीत, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा.

खरी गाडी अडते ती "ऑपरेशन झालंय का?" या प्रश्नावर.

दिंडोरीकडची एक बाई, वय ४२. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "ऑपरेशन?" ती म्हणाली, "झालंय." "मग तुमची तपासणी नाही." जुन्या सीबीएस बसस्थानकावर चहा पिताना मी तिचा कागद उलगडला. त्यावर लिहिलं होतं, पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली. तिचं झालं होतं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, दुसऱ्या बाळंतपणानंतरचं! आपल्याकडे बाई "ऑपरेशन" म्हणते तेव्हा निम्म्या वेळा तिला तेच म्हणायचं असतं. ते विचारणाऱ्याला माहीत नसेल तर खिडकीवर बसवलंय कशाला? पण भांडून दिवस जातो. तेव्हा उत्तर असं द्या : "पिशवी आहे. मुलं बंद करायचं ऑपरेशन झालंय."

आणि पिशवी खरंच काढली असेल तर? तेव्हा ते डिस्चार्ज कार्ड लागतं, जे कुणाकडेच नसतं. काही शस्त्रक्रियांत पिशवी काढतात पण तिचं मुख ठेवतात. मुख असेल तर तपासणी हवीच. कार्ड सापडत नसेल तर "कागद आणा" ऐकून घरी फिरू नका. मुख आहे की नाही हे डॉक्टरांना आत तपासून कळतं.

दुसरा घोळ तारखेचा. पाळी चालू असताना तपासणी होत नाही. "पाळी संपल्यावर या" हे ऐकून बायका शेवटच्या दिवशीच येतात आणि डाग दिसला की परत जातात. पाळी सुरू झाल्यापासून दहावा ते विसावा दिवस धरा. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायची गोळी किंवा क्रीमही नको. गरोदर असाल तर बाळंतपणानंतर.

आधार लागतं ते नोंदणीला. आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या, क्रमांकासाठीचा ओटीपी जातो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा सातपूरला कंपनीत फोन बाहेर ठेवून मशीनवर. आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून तपासणी अडवायचं कारण नाही, हे शांतपणे पण ठामपणे बोला.

"नर्सच बघते, डॉक्टर नाही" म्हणून उठून जाणाऱ्याही भेटतात. ही तपासणी म्हणजे व्हीआयए. तीत पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, मुखावर लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते बघतात. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात हे काम दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनीच केलं, आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर मात्र व्हीआयए तितकी भरवशाची राहत नाही. एचपीव्ही चाचणी मिळते का ते विचारा.

पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. पुढे कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून मुख नीट बघणं, गरज पडली तर तुकडा तपासणी. त्या तुकड्याचा अहवाल जपा, स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या. उपचाराची वेळ आलीच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची फाइल या अहवालाशिवाय पुढे सरकत नाही. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही चालतं. फक्त त्यावर तुमचं नाव हवं. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी नाव माहेरच्या कार्डावर आणि आधारवर सासरचं, असं कितीतरी जणींचं असतं. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन सासरच्या कार्डात नाव चढवायचं काम तब्येत धड असतानाच उरकून टाका, कारण तहसीलच्या फेऱ्या आजारी माणसाला झेपत नाहीत.

आणि उपाशी येऊ नका. कोण सांगतं कोण जाणे, निम्म्या जणी सकाळपासून पाणीही न पिता येतात आणि रांगेतच चक्कर येऊन बसतात. भाकरी खाऊन या, आत जायच्या आधी लघवीला जाऊन या, आणि परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आधीच विचारून ठेवा.