भिंतीतला गोचीड

श्रावणातली गोष्ट. आमच्या भुरीने दोन दिवस ताटलीला तोंड लावलं नव्हतं. पावसाळी हवेने पोट बिघडलं असेल म्हणून दही-भात कालवून दिला, तर तिने तो हुंगला आणि मान फिरवली. तिसऱ्या दिवशी तिचा ओठ वर करून पाहिला. एरवी गुलाबी असणारी हिरडी पांढुरकी पडली होती. पोटावर जिथे केस विरळ असतात तिथे सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके होते आणि बोटाने दाबले तरी ते फिके होत नव्हते. डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट्स अठ्ठावीस हजार. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "गोचीड दिसले होते का?"

दिसले होते. महिन्याभरात तीन-चार दिसले, आणि दर वेळी काढून टाकून आम्ही विषय संपवला होता.

कुत्रं पाळणाऱ्या बहुतेक घरांत असंच होतं. लस वेळेवर दिली जाते, आंघोळ घातली जाते, खाण्याची काळजी घेतली जाते. गोचीड मात्र "पावसाळ्यात होतातच" म्हणून सोडून दिले जातात. पण कुत्र्याच्या अंगावर गोचीड फक्त जेवायला येतो. राहायला तो आपल्या घरात असतो. एवढं एक नीट समजलं की कुत्र्याची रोजची निगा कशी राखायची, याचा सगळा विचारच बदलतो.

गोचीड हा कीटक नव्हे. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे कोळी आणि विंचू. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात, पंख नसतात, आणि पिसवेसारखी उडीही त्याला मारता येत नाही. आपल्या कुत्र्यांवर सर्वांत जास्त आढळणारी जात तपकिरी रंगाची आहे. तिचं शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. उपाशी असताना ती तिळाएवढी, चपटी असते. रक्त पिऊन फुगलेली मादी मात्र राखाडी, टरटरीत आणि हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस आहे, आणि लॅटिन भाषेत रिसिनस म्हणजेच गोचीड. ज्याने कोणी ते नाव प्रथम योजलं, त्याने फुगलेली मादी तळहातावर घेऊन पाहिली असणार.

ही फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावर अंडी घालत नाही. पोट भरलं की ती गळून पडते, आणि सरपटत एखादी फट गाठते. दाराच्या चौकटीमागे, फरशीच्या स्कर्टिंगमध्ये, सोफ्याच्या शिवणीत, कुठेही. तिथे ती हजारोंनी अंडी घालते, अगदी चार हजारांपर्यंत, आणि मरून जाते. काही आठवड्यांत अंड्यांतून सहा पायांची, खसखशीहूनही बारीक पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, काही दिवस रक्त पितात, पुन्हा खाली पडतात, फटीत जाऊन कात टाकतात आणि आठ पायांची होतात. मग दुसऱ्यांदा चढतात, पितात, पडतात, कात टाकतात. तिसऱ्यांदा चढतात तेव्हा ती प्रौढ असतात. म्हणजे एका गोचिडाच्या आयुष्यात कुत्र्यावरचे मुक्काम तीन, आणि तिन्ही मिळून काही आठवड्यांचे. बाकी सगळा काळ तो आपल्या भिंतीत असतो. हवा उबदार असेल तर हे चक्र दोन-अडीच महिन्यांत पूर्ण होतं. खायला मिळालं नाही तर प्रौढ गोचीड वर्षभराहूनही जास्त काळ उपाशी तग धरतो. बहुतेक जातींच्या गोचिडांना गवत-झुडपं लागतात. या जातीला मात्र चार भिंती पुरतात, म्हणून पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही ती पिढ्यान्‌पिढ्या नांदू शकते.

भुरीचा रिपोर्ट हातात आला त्या रात्री मी टॉर्च घेऊन तिची झोपायची जागा पाहिली. गोधडीत काही नव्हतं. मग उजेड भिंतीवरून वर नेला. या जातीला वर चढायची सवय असते. जमिनीपासून चार फुटांवर स्विचबोर्डची कड भिंतीपासून जराशी सुटली होती, आणि त्या रेघेत एकाला एक लागून बसलेले नऊ गोचीड होते. मी त्यांच्याकडे श्वास सोडला. दोघातिघांनी लगेच पुढचे पाय उचलून हवेत धरले. गोचिडाच्या पुढच्या पायांच्या टोकाजवळ हॅलरचं इंद्रिय नावाचा एक बारीक खळगा असतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास या गोष्टी तो त्यातून ओळखतो. गोचिडाचं नाक त्याच्या पायांत असतं असं म्हटलं तरी चालेल.

गोचीड चावला तरी कुत्र्याला कळत नाही, याचं कारण त्याची लाळ. तिच्यात चावा जाणवू न देणारी द्रव्यं असतात, रक्त गोठू न देणारी असतात, आणि शरीराचा प्रतिकार त्या जागेपुरता मंद करणारीही असतात. शिवाय सिमेंटसारखा घट्ट होणारा एक पदार्थ असतो. त्याने सोंड कातडीत पक्की बसते. रोगजंतू शिरतात ते याच लाळेबरोबर.

भुरीला झालेला रोग एर्लिकिओसिस. बोलीभाषेत सगळे त्याला गोचीड तापच म्हणतात. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू १९३५ साली अल्जेरियात डोनाटिएँ आणि लेस्तोकार या शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदवला. जगाचं लक्ष त्याच्याकडे गेलं ते व्हिएतनाम युद्धात. तिथे अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे नाकातून रक्त वाहून दगावले आणि त्यांत जर्मन शेफर्ड बरेच होते. हा जिवाणू पांढऱ्या पेशींतच घर करतो. चाव्यानंतर एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, भूक जाते, प्लेटलेट्स उतरतात. मग पुष्कळदा काहीच न करता कुत्रं बरं झाल्यासारखं वाटतं, आणि फसगत होते ती इथेच. जिवाणू शरीरात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं दबून राहतो. काही कुत्र्यांत तो पुढे अस्थिमज्जेपर्यंत पोचतो. तिथलं रक्त बनवण्याचं कामच बंद पडू लागलं, तर औषधाचाही फारसा उपयोग होत नाही.

दुसरा रोग बॅबेसिया. हा मलेरियासारखा तांबड्या पेशी फोडणारा परजीवी आहे. हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळट पडतात, लघवी चहाच्या कोऱ्या अर्कासारखी गडद होते. त्याची बॅबेसिया गिब्सोनी ही जात पॅटन यांनी १९१०मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पाहिली. तिसरा हिपॅटोझून. तोही १९०५ साली भारतातच प्रथम वर्णिला गेला, आणि त्याची तऱ्हा वेगळीच आहे. तो गोचीड चावल्याने होत नाही, कुत्र्याने गोचीड गिळल्याने होतो. अंग चाटता-चावताना कुत्रं गोचीड सहज गिळून टाकतं.

रक्त पिणारा एक क्षुद्र जीव रोग पसरवू शकतो, ही गोष्टच मुळात गोचिडाने शिकवली. अमेरिकेत गुरांच्या तापावर काम करताना स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३मध्ये ती दाखवून दिली. डास आणि मलेरिया यांचं नातं रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत सापडलं ते त्यानंतर चार वर्षांनी, १८९७मध्ये.

भुरीला डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिक गोळीचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स मिळाला. तिसऱ्या दिवशी ती उठून दाराशी आली, शेपटी हलवली, पोळी खाल्ली. याच टप्प्यावर पुष्कळ लोक गोळ्या थांबवतात. कृपा करून थांबवू नका. कुत्र्याला हुशारी येते म्हणजे जिवाणू संपला असं नाही. ही गोळी कोरडी, रिकाम्या पोटी देऊ नये, ती अन्ननलिकेला लागते. दुधातून किंवा पनीरमध्ये दडवूनही नको, कारण कॅल्शियमशी बांधली गेली की ती कमी शोषली जाते. साध्या भाताच्या मुटक्यात दिली तर उत्तम. आणि ताप उतरवायला घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मुळीच देऊ नका. कुत्र्यांना ती विषारी ठरू शकतात, आणि प्लेटलेट्स कमी असताना आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पपईच्या पानांचा रस सगळे सुचवतात. त्याने एर्लिकिया मरत नाही, आणि तो देऊन वाट बघण्यात जे चार दिवस जातात ते परत मिळत नाहीत.

आता रोजचं काम. संध्याकाळी फिरून आलं की कुत्र्याला उजेडात बसवायचं आणि हाताने चाचपायचं. नुसतं बघून भागत नाही, कारण केसांखालचा गोचीड डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागतो. कानाची पाळी उलटून आतल्या घड्या, पापण्यांची कड, पट्ट्याखालची मान, काखा, जांघा, शेपटीचा बुडखा, आणि प्रत्येक पंजाच्या बोटांमधली बेचकी. ही बेचकी बहुतेकांकडून राहते, आणि नेमके तिथे पुष्कळ सापडतात. मग बारीक दातांची फणी, केसांच्या दिशेने. पाच मिनिटं लागतात. भुरी सुरुवातीला पंजा ओढून घ्यायची. दर पंज्यामागे भाजलेल्या शेंगदाण्याचा एक दाणा दिला, मीठ नसलेला. पंधरवड्यात ती आपणहून पंजा पुढे करायला लागली. ही सवय पिल्लू असतानाच लावली तर पुढे नखं कापणं, इंजेक्शन देणं, सगळंच सोपं जातं.

चिकटलेला गोचीड दिसला तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडायचा आणि एकाच दाबाने सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, झटका द्यायचा नाही. रॉकेल, जळती काडी, तेल, चुना यांतलं काहीही नको. त्रास दिला की गोचीड सुटण्याआधी आणखी लाळ ओकण्याचा धोका असतो, आणि रॉकेलने कातडी भाजते ती वेगळीच. काढलेला गोचीड नखाने चिरडू नये. स्पिरिटच्या बाटलीत टाकावा. चिरडल्याने त्यातले जंतू आपल्या बोटांवरच्या बारीक जखमेतून आत जाऊ शकतात. हीच तपकिरी जात माणसाला टिक टायफस नावाचा ताप देऊ शकते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात होणारा माकडताप मात्र वेगळ्या, जंगलातल्या गोचिडांमुळे होतो. त्याचा दोष घरच्या कुत्र्यावर टाकू नये.

रोज काढूनही काही सुटतातच, म्हणून औषध लागतं. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब किंवा महिन्याची, तीन महिन्यांची चघळायची गोळी, हे पर्याय आहेत. थेंब टाकण्याच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ घालू नये, कारण ते औषध कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं. गोळी घेतलेल्या कुत्र्यावरही गोचीड दिसतात आणि लोक म्हणतात गोळी खोटी निघाली. तसं नसतं. गोचीड चावला की रक्तातून औषध त्याच्या पोटात जातं आणि मग तो मरतो. मात्र कुत्र्याला फिट येत असेल तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना जरूर सांगा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध कुत्र्यालाही लावू नका. कुत्र्याला ते चालतं, मांजराचा जीव त्याने जाऊ शकतो. कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकण्याची पद्धत आहे, तीही सोडा. कुत्र्याने एखादी खाल्ली तर त्याच्या तांबड्या पेशीच फुटतात.

राहिलं घर. आम्ही गोधडी उकळत्या पाण्यात धुतली, स्विचबोर्ड आणि चौकटीच्या फटी पुट्टीने बुजवल्या, स्कर्टिंगच्या रेघा जुन्या टूथब्रशने घासल्या. मग भुरीला दिवसभर बहिणीकडे ठेवून फवारणी करून घेतली, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. दुसरी फवारणी अत्यावश्यक असते. पहिलीने अंडी मरत नाहीत, आणि तेवढ्या दिवसांत त्यांतून पिल्लं बाहेर आलेली असतात. त्यानंतरही अडीच महिने मी दर रविवारी टॉर्च घेऊन भिंती पाहिल्या. पाचव्या रविवारी खिडकीच्या चौकटीत दोन मिळाले, पुढे एकही नाही.

भुरीच्या प्लेटलेट्स कोर्स संपताना दोन लाख दहा हजारांवर आल्या. पण एकदा होऊन गेला म्हणून हा रोग पुन्हा होत नाही असं नसतं, त्यावर आपल्याकडे लसही नाही, आणि आमच्या इमारतीच्या आवारात चार कुत्री राहतात. भुरी रोज त्यांच्याशी खेळते. तेव्हा गेल्या पावसाळ्यापासून आम्ही सहा घरांनी वर्गणी काढून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या चौघांनाही गोळी द्यायला सुरुवात केली आहे. वजनाचा अंदाज येण्यासाठी वॉचमनकाका एकेकाला उचलून वजनकाट्यावर उभे राहतात आणि मग स्वतःचे बासष्ट किलो वजा करतात. काळू गोळी थुंकतो, म्हणून त्याची गोळी उकडलेल्या अंड्याच्या बलकात घालावी लागते.