नरक्याच्या लाकडात काय होतं

कोल्हापूर आणि सिंधुदुर्गाच्या घाटमाथ्यावरून अधूनमधून एक बातमी येते. वनखात्याने टेम्पो अडवला, ताडपत्रीखाली नरक्याचं लाकूड सापडलं, माणसं ताब्यात घेतली. चंदन किंवा सागवान असतं तर समजलं असतं. नरक्या इमारतीच्या कामाचा नाही, आणि त्याच्या फुलांना असा वास येतो की शेजारी उभं राहवत नाही. हे लाकूड चोरून कोण नेतं आणि कशासाठी? उत्तर शोधायला साठ-सत्तर वर्षं मागे आणि थेट अमेरिकेत जावं लागतं. तिथे गेल्यावर गाठ पडते ती आपल्याच नंदुरबारच्या माणसाशी.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. नरक्या, अमृता, घाणेरा अशी त्याची नावं गावागणिक बदलतात. (घाणेरा म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर कुंपणावरची घाणेरी येते. ती वेगळी, तिचा याच्याशी काही संबंध नाही.) शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जॉन ग्रॅहमने १८३९ साली मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची केली, तिच्यात निम्मो या त्याच्या सहकाऱ्याचं नाव या झाडाला मिळालं. जुन्या पुस्तकांत तेच झाड ‘मॅपिया फीटिडा’ म्हणून भेटतं, आणि फीटिडा म्हणजे दुर्गंधी. महाबळेश्वर, कोयना, आंबा, राधानगरी, आंबोली या पट्ट्यात ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. उंची फार नसते. पावसाळ्यात पिवळसर पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात, पुढे जांभळट काळी फळं धरतात. हिरडा, बेहडा, गुळवेल यांच्यासारखा घरोघरीच्या औषधांत त्याला कधी मान नव्हता. एका नावात नरक आणि दुसऱ्यात अमृत असलेलं हे झाड पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

वनस्पतीतून गुणकारी अंश काढायची पद्धत जुनीच आहे. काढा म्हणजे पाण्याने केलेला अर्क, आसव म्हणजे आंबवताना तयार होणाऱ्या मद्यार्काने केलेला, सिद्ध तेल म्हणजे तेलात उतरवलेला. वैद्याला ठाऊक होतं की एका वनस्पतीचा गुण पाण्यात उतरतो, दुसरीचा तुपा-तेलातच उतरतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या औषधनिर्मात्यांनी पुढचा प्रश्न विचारला: त्या अर्कातल्या शेकडो पदार्थांपैकी नेमका कोणता काम करतो? जर्मनीत सेर्ट्युर्नरने अफूतून मॉर्फीन वेगळं केलं, १८२० मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं. त्यानंतर औषध मुठीने मोजायची गरज उरली नाही, ते मिलिग्रॅममध्ये मोजता येऊ लागलं. आपल्याकडे सर्पगंधेचं असंच झालं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर तिच्या उपयोगाचे निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात मांडले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं.

नरक्याची गोष्ट मात्र सुरू होते ती चीनच्या एका वेगळ्याच झाडापासून. कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा, चिनी भाषेत शी-शू, म्हणजे आनंदाचं झाड. मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ १९५०च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत होते. कॉर्टिसोन हे सांधेदुखीवरचं औषध तयार करायला कच्चा माल म्हणून चालतील अशी स्टिरॉइडं ते वनस्पतींत शोधत होते. १९५७ मध्ये त्यांनी साठवलेले सुमारे १,००० अर्क अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासणीला पाठवले. त्या हजारांतून एकच ठळकपणे उठून दिसला, आणि तो या शी-शूचा होता. शोध चालला होता एका गोष्टीचा आणि हाती लागली भलतीच, हे औषधांच्या इतिहासात वारंवार घडलं आहे. पण ते त्याच्याच बाबतीत घडतं, ज्याने हजार बाटल्या नीट चिठ्ठ्या लावून जपून ठेवलेल्या असतात.

वॉल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. दोन वर्षांनी मनसुख वाणी तिथे रुजू झाले. जन्म नंदुरबारचा, १९२५चा. शिक्षण मुंबई विद्यापीठात, पीएच.डी. इंडियाना विद्यापीठाची. पुढची चार दशकं वॉल आणि वाणी ही जोडी टिकली.

त्यांचं काम कागदावर सोपं दिसतं. वाळलेलं लाकूड आणि साल आधी गरम हेप्टेनने (पेट्रोलसारख्या द्रावकाने) धुवायची, म्हणजे मेण आणि तेलकट भाग निघून जातो. मग अल्कोहोलने अर्क काढायचा, तो आटवायचा आणि क्लोरोफॉर्मबरोबर घुसळायचा. काही पदार्थ वरच्या थरात राहतात, काही खालच्या थरात जातात. प्रत्येक थर रक्ताच्या कर्करोगाच्या उंदरांवर तपासायचा. ज्या थराने उंदीर जास्त जगले तो ठेवायचा, बाकीचे बाजूला काढायचे, आणि ठेवलेला थर पुन्हा विभागायचा. अशा चाळणीतून शेवटी पिवळसर स्फटिक उरले. १९६६ मध्ये त्यांनी या रेणूची रचना जाहीर केली. त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. पाच वर्षांनी याच जोडीने पॅसिफिक यू झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना मांडली. कर्करोगावरच्या औषधांची दोन मोठी घराणी एकाच प्रयोगशाळेतून निघाली, आणि दोन्हींत खान्देशातल्या माणसाचा हात आहे. डॉ. वाणी २०२० मध्ये गेले. त्यांचं नाव आपल्या शाळांत अजून फारसं घेतलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॅम्प्टोथेसिनची एक अडचण मात्र होती. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मग शिरेतून देणार कसं? तोडगा असा निघाला की त्यातलं एक कडं, लॅक्टोनचं, अल्कलीने उघडायचं आणि सोडियमचा क्षार बनवायचा. क्षार पाण्यात विरघळला आणि रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. पण कडं उघडल्यावर औषधाचा बराचसा जोर गेला. शिवाय आम्लधर्मी लघवीत ते कडं पुन्हा मिटायचं आणि मूळ विषारी रेणू मूत्राशयात तयार व्हायचा. रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच चाचण्या थांबल्या.

नेमक्या याच काळात मुंबईत गोरेगावला, सिबाच्या संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी काम करत होते. मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज सोडून ते या केंद्राचे प्रमुख म्हणून आले होते. भारतीय वनस्पतींतले अल्कलॉइड (मॉर्फीन, क्विनीन यांच्यासारखे नायट्रोजन असलेले पदार्थ) हा त्यांचा हातखंडा विषय. १९७२ मध्ये त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी लिहिलं की सह्याद्रीतल्या मॅपिया फीटिडात कॅम्प्टोथेसिन आहे, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त आहे. शी-शूच्या सालीत ते ०.०१ टक्क्याच्या आसपास मिळतं. आपल्या नरक्यात साधारण ०.१ टक्का, काही झाडांत ०.३ टक्क्यांपर्यंत. दोन्ही झाडं एका कुळातली नाहीत, त्यांच्यामध्ये अख्खा हिमालय आहे, तरी रेणू तोच. त्या वेळी या शोधाने कुणाचीच झोप उडाली नाही, कारण औषध म्हणून कॅम्प्टोथेसिन तेव्हा मोडीत निघालं होतं.

१९८५ मध्ये चित्र पालटलं. अमेरिकेत लेरॉय लिऊ यांच्या गटाने दाखवलं की कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला जागच्या जागी अडकवतं. पेशी विभागते तेव्हा डीएनएची दोरी उलगडते आणि पुढच्या भागात पीळ वाढत जातो. हे एन्झाइम दोरीचा एक पदर कापून पीळ मोकळा करतं आणि पदर पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन कापल्यानंतर जोडूच देत नाही. तशा अवस्थेत विभागायला निघालेली पेशी मरते. या एन्झाइमवर असं काम करणारं औषध तोवर माहीत नव्हतं. मग मूळ रेणूला पाण्यात विरघळणारी शेपटी जोडून त्याची भावंडं तयार झाली. इरिनोटेकान जपानच्या याकुल्त कंपनीने काढलं (हो, आंबवलेल्या दुधाच्या छोट्या बाटल्यांवाली तीच), त्याला तिथे १९९४ मध्ये मान्यता मिळाली. टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोघांना अमेरिकेने १९९६ मध्ये मान्यता दिली: पहिलं बीजकोशाच्या, दुसरं मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. ही औषधं बनवायला सुरुवात करावी लागते ती झाडातून काढलेल्या कॅम्प्टोथेसिनपासून. कारखान्यात ते शून्यापासून घडवता येतं, पण झाडातून काढणं परवडतं.

इथे हिशोब करून बघावा. ०.१ टक्का म्हणजे एक टन वाळल्या लाकडात एक किलो, तेही पूर्ण निघालं तर. झाड लहान आणि हळू वाढणारं. मुळांत प्रमाण खोडापेक्षा जास्त, म्हणून माणसं झाड कापून थांबत नाहीत, खणून काढतात. १९९०च्या दशकापासून घाटातून लाकडाचे तुकडे आणि भुकटी बाहेर जाऊ लागली, पुढे जपान, अमेरिका, युरोपकडे. डोक्यावरून मोळी आणणाऱ्याला किलोमागे थोडे पैसे मिळाले, आणि त्या लाकडाचं पुढे काय होतं हे त्याला कुणी सांगितलं नाही. माझा राग त्या मोळीवाल्यावर नाही. २००२चा जैवविविधता कायदा नेमका यासाठीच आहे, की स्थानिक वनस्पतीतून कमाई होत असेल तर ती सांभाळणाऱ्यांना वाटा मिळावा. कायदा यायच्या आधीच पुष्कळ लाकूड खाली उतरलं होतं.

मी हा रेणू पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत. नरक्याच्या पानांची भुकटी मिथेनॉलमध्ये रात्रभर भिजवली होती. सकाळी गाळलेला हिरवा अर्क काचेच्या बारीक नळीने सिलिकाच्या पट्टीवर टेकवला आणि पट्टी द्रावणात उभी केली, म्हणजे द्रावण वर चढताना अर्कातले पदार्थ वेगवेगळे होतात. उजेडात पट्टीवर हिरवट पिवळ्या रेघोट्यांपलीकडे काही दिसेना. ती अतिनील दिव्याच्या पेटीत ठेवून झाकण लावलं आणि भिंगातून डोकावलो. क्लोरोफिलचे डाग लालसर दिसत होते, आणि त्यांच्यामध्ये एकच ठिपका निळा, लख्ख निळा, आतून पेटल्यासारखा. कॅम्प्टोथेसिन असंच चमकतं. आमच्या बाई म्हणाल्या, “आता हात धू, आणि तोंडाला लावू नकोस.” हे आवर्जून सांगायला हवं, कारण नरक्याची पूड ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणून विकत देणारे भेटतात. हा रेणू विभागणाऱ्या कुठल्याही पेशीला मारतो, अस्थिमज्जेतल्या आणि आतड्यातल्या निरोगी पेशींनाही. एका झाडात किती आणि दुसऱ्यात किती, याचा भरवसा नाही. शिवाय तो पाण्यात नीट उतरत नाही, त्यामुळे काढ्यातून किती पोटात जाईल हेही सांगता येत नाही. रुग्णाने या वाटेला अजिबात जाऊ नये.

झाड वाचवून रेणू कसा मिळवायचा, यावर काम झालं आहे आणि त्यातलं काही आपल्याजवळच झालं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. २००५ मध्ये त्यांनी अर्क काढण्याच्या वेगवेगळ्या रीती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. तासन्‌तास उकळण्याऐवजी मायक्रोवेव्ह वापरला तर काही मिनिटांत काम होतं आणि द्रावकही कमी लागतं. त्याच वर्षी जम्मूच्या प्रयोगशाळेने नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी शोधली, जी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते. झाडाला हात न लावता टाकीत औषध पिकवता येईल अशी आशा वाटली. पण अशा बुरशा झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की त्यांचं उत्पादन घटत जातं, हे पुढे इतरांच्या कामातून दिसलं. पानं वापरण्याची सूचना जुनीच आहे. पानांत प्रमाण कमी असतं, पण पानं पुन्हा येतात.

आंबा घाटातल्या जंगलात एका वळणावर मला दोन बुंधे दिसले. एक गुडघ्याइतका वर कापलेला, त्याच्या कडेने वीतभर उंचीचे पाच-सहा फुटवे वर आले होते, पानं कोवळी आणि चोळली तर तोच वास. दुसऱ्याच्या जागी नुसता खड्डा होता, त्यात पावसाचं पाणी साचलं होतं.