ड्रोन नोंदणी: अर्ज अडतो तो एकाच रकान्यात

ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं माझं छोटं दुकान आहे. लग्नसराई जवळ आली की ड्रोनवाले येऊ लागतात. फोटोग्राफर, किल्ल्यांचे व्हिडिओ करणारी पोरं, परदेशातल्या भावाकडून ड्रोन मागवलेला एखादा हौशी इंजिनिअर. सगळ्यांचं म्हणणं एकच: "तेवढं रजिस्ट्रेशन करून द्या."

फॉर्म डी-२ भरायला फार वेळ लागत नाही. फी १०० रुपये. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्याच्या पोर्टलवर खातं उघडायचं, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यायचा, ड्रोनचा अनुक्रमांक टाकायचा, की यूआयएन म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक मिळतो. पासपोर्टच हवा, असं अजूनही लोकांना वाटतं, कारण व्हिडिओ जुने बघितलेले असतात. ती अट पायलटच्या प्रमाणपत्रासाठी २०२३ मध्ये आणि ड्रोनच्या नोंदणीसाठी २०२४ मध्ये शिथिल झाली. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, वाहन परवाना चालतो.

अडतं ते टाईप सर्टिफिकेटच्या रकान्यात. हे प्रमाणपत्र ड्रोनच्या मॉडेलला मिळतं आणि ते कंपनीने काढायचं असतं. तुम्ही काढायचं म्हटलं तरी तुम्हाला मिळणार नाही. दुकानदार "सगळे पेपर आहेत" म्हणून हातात ठेवतो ते जीएसटीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. मॉडेलला प्रमाणपत्र नसेल तर अर्ज माझ्या दुकानात नव्हे, ड्रोन विकत घेतला त्याच दिवशी बाद झालेला असतो. म्हणून पैसे मोजण्याआधी प्रमाणपत्राचा क्रमांक मागा आणि पोर्टलवरच्या यादीशी ताडून बघा. दुकानदार टोलवाटोलवी करू लागला तर दुसरं दुकान गाठा.

बाहेरून आणलेल्यांची गोष्ट याहून अवघड. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, सुटे भाग जोडून करायचे संचही त्यात आले. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी अपवाद आहे, पुतण्याच्या वाढदिवसासाठी नाही. बॅगेत ड्रोन असेल तर कस्टमच्या फॉर्मवर तो खरा खरा जाहीर करा. तसं केलंत तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ८० खाली तो ताब्यात ठेवून, परत जाताना तुम्हाला देण्याची सोय आहे. लपवलात आणि सापडला, तर जप्ती आणि दंडाची भाषा सुरू होते.

"पण जुन्या ड्रोनला सूट आहे ना?" होती. ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात आलेल्या ड्रोनला, डॅन क्रमांक (जुन्या ड्रोनची माहिती कळवल्यावर सरकारने दिलेला पोच क्रमांक) आणि जीएसटी भरलेलं बिल असेल तर. त्या अर्जाची मुदतही कधीच संपली. अर्धं वाक्य वाचून २०२३ चं बिल घेऊन येणारे अजून थांबलेले नाहीत.

आता वजन. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल. नॅनोला टाईप सर्टिफिकेट नको, पायलटचं प्रमाणपत्र नको, थर्ड पार्टी विमाही नको. म्हणून २४९ ग्रॅमचा ड्रोन सगळ्यांना हवा असतो. पण नियमात वजन धरलं जातं ते उडतानाचं, बॅटरी आणि वर लावलेल्या सामानासकट. पात्यांचे गार्ड लावले किंवा मोठी बॅटरी बसवली, की तोच ड्रोन मायक्रो होतो आणि टाईप सर्टिफिकेटची, विम्याची सवलत जाते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा ठेवून बघा.

लग्नवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. मायक्रोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही हे खरं, पण हौसेसाठी उडवत असाल तरच. सुपारी घेऊन वरात शूट केलीत की तो धंदा झाला, आणि प्रमाणपत्र लागतंच. वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएमान्य संस्थेत प्रशिक्षण. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. क्लासला पैसे भरण्याआधी संस्था मान्यताप्राप्त आहे का, ते यादीत शोधा. नुसत्या कोर्सच्या सर्टिफिकेटला फ्रेम करण्यापलीकडे उपयोग नाही.

कागद झाले तरी आकाश मोकळं होत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ५ किलोमीटर रेड झोन. पुढे ८ किलोमीटरपर्यंत यलो, म्हणजे हवाई नियंत्रण कक्षाची परवानगी. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्याबाहेर ४०० फुटांपर्यंत ग्रीन. पुण्यात लोहगावचा हवाई तळ, खडकवासल्याला एनडीए, शिवाय लष्कराचे भाग. मुंबईत विमानतळ, तुर्भ्याचं अणुकेंद्र, नौदलाची गोदी. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा उघडलात की शहरातल्या शहरात हिरवा तुकडा किती उरतो ते दिसेल. नकाशा बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी उडवण्याआधी बघा.

ग्रीन झोनला परवानगी लागत नाही, असं नियम सांगतो. पण पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड जाहीर करू शकतो. त्याशिवाय मुंबई पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ड्रोन, पॅराग्लायडरवर बंदीचे आदेश वरचेवर काढत असतात. एका चौकीत मी स्वतः विचारायला गेलो होतो. उत्तर मिळालं, "डीजीसीएचं पत्र आणा." ग्रीन झोनसाठी असं पत्र कोणी देतच नाही, हे समजावण्यात माझी दुपार गेली. तेव्हापासून नकाशाची त्या दिवशीची प्रिंट, यूआयएन आणि चौकीला लेखी कळवणारा एक अर्ज, त्याची पोच घेऊन, जवळ ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो. खेड्यात जात असाल तर पोलीस पाटलांच्या कानावरही घाला. २०२४ च्या पावसाळ्यात रात्रीच्या ड्रोननी पुणे, बीड, जालन्याकडची गावं जागून काढली होती. तो राग अजून ताजा आहे.

रायगड, शिवनेरीसारख्या किल्ल्यांवर केंद्रीय पुरातत्त्व खात्याची आणि अभयारण्यात वन खात्याची परवानगी वेगळी लागते. हिरवा झोन तिथे दाखवून उपयोग नाही.

विमानाने नेताना सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच, चेक-इन बॅगेत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतच्या चालतात, १०० ते १६० ला एअरलाइनची मंजुरी आणि जास्तीत जास्त दोन, त्यावर बंदी. आकडा छापलेला नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा: १५.४ व्होल्ट, ५००० एमएएच (५ अँपिअर-अवर) म्हणजे ७७ वॉट-अवर. टोकांना टेप लावा. आणि लेबल पुसलेली बॅटरी घरीच ठेवा, कारण तिचा हिशेब तपासणीच्या रांगेत तुम्हाला दाखवता येणार नाही.